तीन वर्षांच्या मुलासमोर बसण्यापूर्वी

प्राथमिक शाळेत शिकवायचे तर पदविका हवी आणि माध्यमिक शाळेत शिकवायचे तर पदवीवर बी.एड. हवे, याविषयी आज महाराष्ट्रात कोणाच्या मनात किंतु नसतो; परंतु बालवाडीत शिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीसाठीही दोन किंवा चार वर्षांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम असतो असे सांगितले, तर शिकल्यासवरल्या घरांतही त्याचे आश्चर्य वाटते. मुलांची आवड, थोडा सोशिकपणा आणि पाठ असलेली दहा-वीस बडबडगीते एवढ्या भांडवलावर हे काम भागते, असा समज रूढ आहे, आणि त्याचे कारण या कामाच्या बाह्य रूपात आहे. नाक पुसणे, डबा उघडून देणे, भांडण सोडवणे, गोष्ट सांगणे या गोष्टी घरोघरी बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत आणि त्यासाठी त्यांच्याकडे कोणी कधी प्रमाणपत्र मागितलेले नाही. मात्र घरात मुले एक-दोन असतात, ती आपली असतात आणि त्यांच्या खोडीसवयी जन्मापासून ठाऊक असतात. वर्गात ती वीस-पंचवीस असतात, निरनिराळ्या घरांतून, पुष्कळदा निरनिराळ्या बोलींतून आलेली असतात, आणि त्यांतले कोणते मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखून सगळ्यांची मिळून एक सकाळ आखायची असते. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम मुख्यतः ही ओळखण्याची नजर घडवण्यासाठी असतो. शिकवण्याच्या युक्त्या त्यात दुय्यम ठरतात, आणि त्यांनाच मुख्य मानणाऱ्या अभ्यासक्रमांचा आज बाजारात सुकाळ आहे.

पश्चिम भारतात या शिक्षणाची पायाभरणी भावनगरला झाली. वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले आणि मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा ग्रंथांवरून अभ्यास करून तिला काठेवाडातील गोष्टी, गाणी आणि खेळ यांची जोड दिली. बालमंदिर काढण्यास उत्साही माणसे मिळतात, पण ते चालवण्याची जाण असलेली माणसे आयती मिळत नाहीत, ती घडवावी लागतात, हे ध्यानात आल्यावर १९२५ मध्ये भावनगरला अध्यापन मंदिर, म्हणजे बालशिक्षकांचे विद्यालय, निघाले. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळलेल्या ताराबाई मोडक याच काळात गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. शिक्षिका घडवण्याच्या कामात आधीच वरच्या जागी पोहोचलेल्या एका पदवीधर बाईंना लहान मुलांसाठी पुन्हा विद्यार्थिनी व्हावेसे वाटले, यावरूनच हे काम प्राथमिक शिक्षकाच्या कामाची सोपी आवृत्ती नव्हे हे लक्षात यावे. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार व त्याच्या जोडीला अध्यापन मंदिर सुरू केले, तेव्हा मराठीतून बालशिक्षणाचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळण्याची सोय झाली.

याच सुमारास मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून १९३९ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचा वर्ग घेतला. काही महिन्यांचाच बेत होता, पण १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यामुळे इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारिओंची सुटका लवकरच झाली, तरी मायलेकांचा मुक्काम युद्ध संपेपर्यंत लांबला आणि त्या सक्तीच्या वास्तव्यात त्यांच्या हाताखाली भारतातले पुष्कळ शिक्षक तयार झाले. आजही शहरांतून ‘मॉन्टेसरी कोर्स’ हा शब्द बालशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला सरसकट लावला जातो, त्यामागे ही पुण्याई आहे. त्या नावाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा मॉन्टेसरींच्या पद्धतीशी संबंध असतोच असे मात्र नाही.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोठी कसोटी दादरला लागली नाही, ती बोर्डीला लागली. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले ठरल्या वेळी बालवाडीत येईनात, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळत किंवा गुरांमागे जात. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परदेशी बनावटीचे महागडे मॉन्टेसरी साहित्य येथे परवडणारे नव्हते. शिंपले, बिया, खडे, बांबूच्या कांड्या, झाडांची पाने यांतून साहित्य उभे करावे लागले, आणि ते करताना साहित्यामागचे तत्त्व कळलेली शिक्षिका व केवळ साहित्य वापरता येणारी शिक्षिका यांतला फरक उघड झाला. मॉन्टेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सर्वांत लहान एक सेंटिमीटर बाजूचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटर बाजूचा. रंग, आकृती, पोत हे सारे सारखे ठेवून फक्त लहानमोठेपणा बदलता ठेवलेला असतो, जेणेकरून मुलाचे लक्ष त्या एकाच गुणावर स्थिरावावे. हे ज्या विद्यार्थिनीला उमगले, ती एकाच जाडीच्या दहा कांड्या चढत्या लांबीने कापून तोच परिणाम साधू शकते. जिला उमगले नाही, ती रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे ठोकळे विकत आणते, ज्यांत रंग, आकार आणि आकारमान सगळेच एकदम बदलते आणि मूल नेमके कशाकडे पाहत आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

आजच्या वाटा साधारणपणे तीन आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका दोन वर्षांची असून तिला बारावीत ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते, वर्षात किमान २०० दिवस काम चालावे लागते, आणि उपस्थितीची अट वर्गातील अभ्यासासाठी ८० टक्के, तर शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी ९० टक्के आहे. दुसरी वाट गृहविज्ञान महाविद्यालयांतील मानवी विकास या विषयाच्या पदवीची. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय या ठिकाणी हा विषय दीर्घकाळ शिकवला जात आहे आणि त्यात शिक्षणाइतकाच भर आहार, आरोग्य व कुटुंबव्यवस्थेच्या अभ्यासावर असतो. तिसरी वाट नवी आहे, बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षणाची, आणि तिच्याविषयी पुढे येईल. यांखेरीज सहा महिन्यांची, तीन महिन्यांची, अगदी सुट्टीतल्या काही आठवड्यांची प्रमाणपत्रे खासगी संस्था देतात; त्यांतली काही चांगलीही असतात, परंतु त्यांना नियमांची चौकट नसल्यामुळे भिंतीवर लावायच्या चित्रांचे कात्रणकाम आणि स्नेहसंमेलनाची नाचगाणी शिकवून पूर्ण होणारा अभ्यासक्रमही त्याच नावाने खपतो.

चांगल्या अभ्यासक्रमाची ओळख पहिल्या सत्रातच, निरीक्षणवहीपाशी पटते. विद्यार्थिनीने एका मुलाजवळ, त्याला त्रास न होईल अशा अंतरावर, वीस मिनिटे बसून जे घडले ते लिहायचे असते, आणि पहिल्या वहीत बहुतेकींचे एक वाक्य ठरलेले असते : मूल हट्टी आहे, दुसऱ्यांच्या वस्तू हिसकावते. प्राध्यापिका या वाक्यावर काट मारतात, कारण त्यात निरीक्षण नाही, निवाडा आहे. तेच पुन्हा लिहायला सांगितले की वहीत येते ते असे : मुलाने उभ्या रचलेल्या तीन ठोकळ्यांवर चौथा ठेवला, तो पडला, पुन्हा ठेवला, पुन्हा पडला, मग शेजारच्या मुलीच्या हातातला रुंद ठोकळा ओढून घेतला, तो सर्वांत खाली ठेवला आणि मनोरा पुन्हा रचला. पहिल्या नोंदीत शिक्षा करण्याजोगा गुन्हा दिसतो, दुसरीत पाया रुंद असावा लागतो हा शोध लावणारे मूल दिसते. वस्तू मागून घ्यायला त्याला शिकवायचे आहेच, पण त्याआधी काय घडले हे बाईंना कळलेले असले पाहिजे. महिनोन्‌महिने अशा नोंदी लिहिल्याने डोळ्यांना जी शिस्त लागते, तिची जागा एखाद्या व्याख्यानाने भरून निघत नाही.

या निरीक्षणांना अर्थ देण्यासाठी बालविकासाचे सिद्धांत शिकवले जातात, आणि त्यांत स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचे स्थान अजूनही मध्यवर्ती आहे. त्यांचा गाजलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थिनीला करून पाहावा लागतो : दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी ओतून ते सारखेच असल्याचे मुलाकडून वदवून घ्यायचे, मग त्यातल्या एका पेल्यातले पाणी त्याच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या भांड्यात ओतायचे आणि आता कशात जास्त आहे ते विचारायचे. चार वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवते. भांडे बदलले तरी पाण्याचे प्रमाण तेच राहते, या समजेला परिमाणाची अक्षय्यता म्हणतात आणि पियाजेंच्या मते ती सर्वसाधारणपणे सहा-सात वर्षांच्या आसपास येते. तोवरच्या काळाला, म्हणजे दिसते त्याच्या आहारी जाऊन विचार करण्याच्या काळाला, त्यांनी पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले. पदवीच्या पातळीवरचा अभ्यास मात्र येथे थांबत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगांच्या मांडणीवरच बोट ठेवले : मोठ्या माणसाने एकच प्रश्न दोनदा विचारला आणि मध्ये मुद्दाम काही बदल केला, तर आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मूल समजते. एका प्रयोगात मण्यांसारख्या वस्तूंच्या ओळीत प्रयोगकर्त्याने स्वतः बदल न करता एका खोडकर अस्वल-बाहुलीकरवी ती विस्कटवली, तेव्हा बरोबर उत्तर देणाऱ्या लहान मुलांची संख्या लक्षणीय वाढली. शिक्षिकेच्या दृष्टीने यातले मर्म वेगळेच आहे, आणि ते पियाजेंच्या टप्प्यांच्या तक्त्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे : मुलाचे उत्तर हे त्याच्या बुद्धीइतकेच विचारणाऱ्याच्या प्रश्नाचेही मोजमाप असते.

लेखनपूर्व तयारी हा या अभ्यासक्रमातला दुसरा घटक, ज्यावरून शिक्षिका आणि पालक यांच्यात जवळजवळ प्रत्येक जूनमध्ये जुंपते. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात, पहिल्या वर्षात त्यांतल्या दोहोंचे कठीण हाडात रूपांतर सुरू होते आणि बाकीच्यांची पाळी पुढील काही वर्षांत एकेक करून येते, शेवटच्याची तर नवव्या वर्षानंतर. तीन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते, कारण खांदा आणि कोपर यांच्या मोठ्या हालचाली आधी ताब्यात येतात आणि बोटांच्या सूक्ष्म हालचाली मागाहून. म्हणून प्रशिक्षित शिक्षिका या वयात दुरेघी वही न देता कणीक मळायला, पाण्यात भिजवलेला स्पंज पिळायला, मणी ओवायला, चिमटीने डाळ-तांदूळ वेगळे करायला आणि फरशीवर ओल्या कुंच्याने मोठाले गोल काढायला देते. यातून अंगठा आणि दोन बोटे यांची तीच पकड तयार होते जी पुढे पेन्सिलीला लागते. शेजारच्या शाळेत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत गिरवून घेतात, हे ऐकलेल्या पालकाला हे सारे वेळकाढूपणाचे वाटते. अशा पालकाला न दुखावता आणि आपली भूमिका न सोडता ही गोष्ट समजावून सांगणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग असतो, आणि पालकसभेचा सराव पाठ मुलांसमोरच्या पाठाहून अवघड जातो असे छात्राध्यापिकांचे सार्वत्रिक मत असते.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. धुळे-जळगावकडे घरी अहिराणी बोलणारे, डहाणूकडे वारली बोलणारे किंवा पुण्याच्या बांधकामावरील वस्तीत तेलुगू वा हिंदी बोलणारे मूल बालवाडीत येते तेव्हा ते कोरे नसते. त्याच्याजवळ व्याकरणासह एक पुरी भाषा असते, फक्त ती बाईंची नसते. पहिले काही महिने गप्प राहणाऱ्या अशा मुलाला मंद ठरवणे ही अप्रशिक्षित वर्गातली नेहमीची दुर्घटना आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडलेली निकट विकासक्षेत्राची कल्पना, म्हणजे मुलाला एकट्याने जमते आणि जाणत्याच्या आधाराने जमू शकते यांमधला पट्टा, येथे कामी येते : त्या मुलाची बोली जाणणारे दुसरे मूल शेजारी बसवणे, त्याच्या घरातले गाणे वर्गात आणणे, वस्तू दाखवून दोन्ही नावे घेणे हे त्या पट्ट्यात पाऊल टाकण्याचे साधे मार्ग आहेत. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळ आणि मातृभाषा या दोहोंवर भर देतो.

आरोग्याचा भाग अभ्यासक्रमात रूक्ष वाटतो, तरी तो टाळता येत नाही. पाच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा मध्यावरचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात. हाक मारल्यावर वळून न पाहणारे मूल उद्धट नसून त्याला कमी ऐकू येत असेल, ही शंका वेळेवर येणे आणि योग्य तपासणीकडे पाठवणे याने त्या मुलाचे पुढचे आयुष्य बदलते.

इतके सारे शिकून तयार झालेल्या शिक्षिकेला व्यवस्थेत जागा कोठे आहे, हा प्रश्न आला की चित्र धूसर होते. देशातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी मोठा वाटा अंगणवाड्यांत जातो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाड्या आज १४ लाखांच्या घरात आहेत, आणि त्यांतील सेविकेकडे पूरक आहार, लसीकरणास मदत, गृहभेटी, वजनमापे आणि मोबाइलवरील नोंदी यांच्या रेट्यात शालेयपूर्व शिक्षणही सोपवलेले आहे. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू होतो असे ठरवले, तेव्हा त्यांच्या कामाचे स्वरूप शैक्षणिकही आहे हे न्यायालयाच्या विचारात होते. कायद्याची भाषा मात्र मोघम राहिली आहे : २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण हे राज्याने प्रयत्न करण्याचे उद्दिष्ट म्हणून ठेवले, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा या वयासाठी, कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’ एवढेच म्हटले आहे. करू शकेल आणि करील यांमध्ये पदे, वेतनश्रेणी आणि पात्रतेचे निकष अडकून पडले आहेत. खासगी शिशुवर्गांत पात्रता व्यवस्थापनाच्या मर्जीवर असते आणि पगारही. दोन वर्षांची पदविका घेतलेली शिक्षिका आणि काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेली शिक्षिका यांच्या हाती महिनाअखेरीस पडणाऱ्या रकमेत फरक नसेल, तर हुशार विद्यार्थिनीने पहिली वाट का धरावी, याचे उत्तर कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या गुंत्याला हात घातला. तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकसलग पायाभूत स्तर मानून त्याने बालवाडी आणि पहिली-दुसरी यांना एका सूत्रात ओवले, बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली, आणि २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हावी असे उद्दिष्ट ठेवले. ही एकात्मिक पदवी २०२३-२४ पासून निवडक संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली असून तिच्यात पायाभूत स्तर हा स्वतंत्र विशेष विषय आहे. सेविकांच्या बाबतीत अडचण अशी की सहा महिन्यांचा अभ्यासक्रम बराचसा दूरस्थ पद्धतीने, काम सांभाळून, प्रसंगी मोबाइलवर व्हावा अशी कल्पना आहे. सिद्धांत अशा रीतीने पोहोचवता येतील, पण निरीक्षणवहीतल्या निवाड्यावर काट मारून ‘पुन्हा पाहा’ म्हणणारे कोणीतरी त्या अंगणवाडीत अधूनमधून येऊन बसले नाही, तर मुख्य कौशल्यच हातून निसटेल. पदवीच्या बाबतीत अडचण उलटी आहे. पायाभूत स्तराची पदवी घेणाऱ्या तरुणीला तीन वर्षांच्या मुलांपासून दुसरीपर्यंत कोठेही शिकवता येईल. पैकी पहिली-दुसरीला मंजूर पद, वेतनश्रेणी आणि निवृत्तीचे लाभ आहेत, तर बालवाडीला बहुतेक ठिकाणी मानधन किंवा कंत्राट आहे. दोन्हीकडचा आर्थिक दर्जा सारखा केला नाही, तर एकाच वर्गात एकच अभ्यास करून बाहेर पडलेल्या मुली पहिलीच्या दारापाशी रांग लावतील, आणि तीन वर्षांच्या मुलांच्या वाट्याला आजच्याप्रमाणेच रांगेत मागे राहिलेल्या उमेदवार येतील.